घरच्या घरी शेवंड कशी शिजवावी? उकड, तवा, कालवण आणि वेळेचे गणित

अबोली (धागाकर्ती)

आमच्या घरी मासे आणि कोळंबी नियमित होतात, चिंबोऱ्याही अधूनमधून होतात, पण शेवंड, म्हणजे लॉबस्टर, मात्र आजवर आम्ही मालवण-तारकर्लीकडच्या खानावळींतच खाल्ली आहे. आता घरी सहा माणसांचे जेवण आहे आणि त्यात शेवंड करावी अशी सर्वांची इच्छा आहे. वस्तू महाग असल्यामुळे प्रयोग करून बघू, असे म्हणण्याची सोय नाही. आंतरजालावर पाककृती पुष्कळ आहेत, परंतु एक जण आठ मिनिटे उकडायला सांगतो तर दुसरा पंचवीस, आणि दोघेही तितक्याच ठामपणे सांगतात.

माझे प्रश्न असे आहेत. जिवंत शेवंड घ्यावी की गोठवलेली शेपटी चालेल? जिवंत घेतली तर तिला मारण्याची योग्य रीत कोणती? उकडणे, भाजणे आणि कालवण यांपैकी कशात तिची चव सर्वांत चांगली राहते? आणि मांस चिवट होऊ नये म्हणून नेमके कशाकडे लक्ष द्यावे? घरात मोठे ओव्हन नाही. गॅस, बिडाचा तवा, मोदकपात्र आणि एक छोटा ओटीजी आहे.

दर्यावर्दी

पद्धत ठरवण्याआधी हातात कोणती शेवंड आहे हे पाहावे लागते, कारण आंतरजालावरील बहुतेक पाककृती ज्या प्राण्यासाठी लिहिलेल्या असतात तो आपल्या समुद्रात मिळतच नाही. अमेरिका आणि कॅनडाच्या थंड अटलांटिक किनाऱ्यावरच्या लॉबस्टरला पुढे दोन जाड नांग्या असतात आणि त्या नांग्यांत भरपूर मांस असते. आपली शेवंड काटेरी असते. तिला तशा नांग्या नसतात, त्यांच्या जागी लांब, जाड, काटेरी मिशा असतात आणि खाण्याजोगे मांस जवळपास सगळे शेपटीत असते. महाराष्ट्र आणि गुजरातच्या चिखलट तळाच्या समुद्रात प्रामुख्याने पॅन्युलिरस पॉलिफॅगस ही जात सापडते. तिच्या शेपटीच्या प्रत्येक वलयावर एक फिकट आडवा पट्टा असतो, त्यावरून ती लगेच ओळखता येते. नांग्या शिजायला शेपटीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे नांग्यांचा हिशेब धरून दिलेली वेळ आपल्या शेवंडीला लावली की शेपटी हमखास जास्त शिजते. तुम्हाला आठ आणि पंचवीस मिनिटे असे दोन आकडे दिसले, त्यातला निम्मा गोंधळ वजनाचा आणि उरलेला जातीचा असावा.

खरेदीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. भाऊचा धक्का, ससून डॉक, मिरकरवाडा किंवा मालवणचा बाजार यांपैकी काही जवळ असेल तर जिवंतच घ्यावी. पाठीवर धरून उचलल्यावर शेपूट जोरात पोटाखाली मुडपली पाहिजे. बऱ्याचदा ती मिशांच्या बुडातून करकर आवाजही काढते. हा आवाज या काटेरी जातींचे वैशिष्ट्यच आहे आणि तो ऐकू आला म्हणजे कोळणीला आणखी काही विचारण्याची गरज उरत नाही. शेपूट लोंबत असेल, किंवा कवचाच्या सांध्यांवर काळे डाग पडू लागले असतील, तर ती मरून वेळ झाला आहे असे समजावे. शेवंडीच्या डोक्यातील पाचक ग्रंथीतले विकर (एन्झाइम) मृत्यूनंतर शेपटीच्या मांसात उतरू लागतात आणि मांस भुसभुशीत होते. असे मांस कोणत्याही मसाल्याने सावरत नाही.

घरी आणताना ओल्या गोणपाटात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी. ताजी राहावी म्हणून नळाच्या पाण्यात सोडणारे लोक मी पाहिले आहेत. गोड्या पाण्यात समुद्री शेवंड मरते.

सहा माणसांसाठी किती घ्यावी, हेही सांगतो. अर्धा किलोच्या शेवंडीत कवचासकट शेपटी सुमारे एक तृतीयांश भरते आणि सोलल्यावर ती आणखी कमी होते. प्रत्येकाच्या ताटात अर्धी शेवंड आणि सोबत कालवण असा बेत केला तर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चार पुरतील. पोटाखाली अंड्यांचा झुबका असलेली मादी मात्र कृपया घेऊ नये. निर्यातीसाठी भारत सरकारने २००३ मध्ये किमान वजने ठरवली असून त्यानुसार या जातीची शेवंड निदान ३०० ग्रॅमची असावी लागते. घरच्या खरेदीतही तोच दंडक पाळायला हरकत नाही. मुंबईच्या समुद्रात पूर्वी विपुल मिळणारी चपट्या डोक्याची शेवंड १९९० च्या दशकात अतिमासेमारीमुळे जवळजवळ दिसेनाशी झाली, हा इतिहास फार जुना नाही.

मध्यममार्गी

मारण्याच्या रीतीविषयी कोणी लिहिण्याआधी मी लिहितो, कारण हा विषय टाळून पाककृतीकडे जाणे मला पटत नाही. जिवंत शेवंड थेट उकळत्या पाण्यात टाकण्याची पद्धत जगभर प्रचलित आहे, परंतु स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये तिला बंदी घातली आणि ब्रिटनने २०२२ च्या प्राणी-कल्याण कायद्यात खेकडे, शेवंडी आणि कोळंबी यांचा संवेदनशील प्राण्यांत समावेश केला. पाण्यात टाकल्यावर ती झटापट करते, हे ज्याने पाहिले आहे त्याला कायद्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

घरी करता येण्याजोगी रीत अशी आहे. मोठ्या पातेल्यात भरपूर बर्फ आणि त्यात बुडेल इतके खारे पाणी घ्यावे. मिठाचे प्रमाण लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे समुद्राइतके ठेवावे. त्यात शेवंड किमान वीस-पंचवीस मिनिटे पूर्ण बुडवून ठेवावी. उष्ण कटिबंधातल्या शेवंडी थंडीने लवकर बधिर होतात, त्यामुळे आपल्याकडे ही रीत विशेष उपयोगी पडते. मिशा किंवा पाय ओढल्यावर काहीही हालचाल झाली नाही की ती फळीवर पालथी, म्हणजे पाठ वर करून ठेवावी. जड, धारदार सुऱ्याचे टोक डोके आणि शेपटी यांच्या सांध्यापाशी मधोमध रोवून आधी डोक्याच्या दिशेने आणि मग शेपटीच्या दिशेने तिचे सरळ दोन भाग करावेत. शेवंडीचा मेंदू माणसासारखा एका जागी नसतो. मज्जातंतूंच्या गाठी शरीराच्या मध्यरेषेवर ओळीने असतात. म्हणूनच केवळ डोक्यात सुरी खुपसणे पुरेसे होत नाही, पूर्ण उभा छेद झटपट द्यावा लागतो.

हे स्वतः करण्याची तयारी नसेल तर विकणारीकडून समोर कापून घ्यावी आणि बर्फात घालून लगेच घरी आणावी. त्यात कमीपणा काही नाही. मात्र डोके आणि शेपटी तिथेच वेगळी करून घ्यावी, म्हणजे दर्यावर्दी यांनी सांगितलेले विकर मांसापर्यंत पोहोचत नाहीत.

कोकणकडा

इतका विचार आमच्या आजीने कधी केला नाही. ती शेवंड हळद-मीठ घालून वीस मिनिटे चांगली उकडत असे आणि मग सोलून वाटणात घालत असे. समुद्रातली वस्तू पूर्ण शिजलेली बरी, असे माझे मत आहे. लाल झाली म्हणून लगेच उतरवणाऱ्यांना एक दिवस पोटाचा त्रास होईल.

नॉर्थशोर

कोकणकडा, तुमच्या म्हणण्यातील एक भाग अगदी बरोबर आहे. लाल रंग हा शिजल्याचा पुरावा नव्हे. शेवंडीच्या कवचात अ‍ॅस्टाझॅन्थिन नावाचे लाल रंगद्रव्य आधीपासूनच असते, पण ते एका प्रथिनाला बांधलेले असल्यामुळे हिरवट-निळसर दिसते. उष्णतेने ते प्रथिन उलगडते आणि लाल रंग मोकळा होतो. हे कवचात घडते, आणि आत शेपटीच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचण्याच्या कितीतरी आधी घडते.

परंतु म्हणून वीस मिनिटे उकडणे हा उपाय नाही. मी गेली काही वर्षे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर राहतो. इथे लॉबस्टर हा उन्हाळ्यातला घरगुती पदार्थ आहे आणि वेळ वजनावरून ठरवण्याची शिस्त लोक कटाक्षाने पाळतात. सुमारे साडेचारशे ग्रॅमच्या लॉबस्टरला वाफेवर दहा मिनिटे, पावणेसातशे ग्रॅमच्या लॉबस्टरला चौदा, आणि ९०० ग्रॅमच्या लॉबस्टरला अठरा मिनिटे, असा ढोबळ हिशेब इथे धरतात. उकळत्या पाण्यात यापेक्षा दोन-तीन मिनिटे कमी लागतात. हे आकडे नांग्यांसकटचे आहेत. आपल्या अर्धा किलोच्या बिननांगीच्या शेवंडीला वाफेवर नऊ-दहा मिनिटे पुरेशी होतात. घरात टोकदार तापमापक असेल तर शेपटीच्या जाड भागात तो खुपसून पाहावा. ६० अंश सेल्सियसला मांस रसाळ असते, ६३ अंशांना अन्नसुरक्षेच्या शिफारशीही पूर्ण होतात, आणि ७० च्या पुढे गेले की प्रत्येक अंशागणिक ते आवळत जाते. वीस मिनिटांत शेपटी या सगळ्याच्या खूप पुढे गेलेली असते. पोटाची काळजी रास्त आहे, पण तिचे उत्तर जिवंत खरेदी आणि स्वच्छ फळी हे आहे. शिळी शेवंड कितीही वेळ उकडली तरी ताजी होत नाही.

उकडावी की वाफवावी, या प्रश्नात मी निःसंशय वाफेच्या बाजूने आहे. उकळत्या पाण्यात शेवंडीचा रस पाण्यात उतरतो आणि पाणी कवचात भरते. ताटात कापली की सगळे पाणी वाहते. वाफेवर तसे होत नाही, आणि एक-दोन मिनिटांची चूकही तितकी महागात पडत नाही. अबोली, तुमचे मोदकपात्र या कामासाठी इथल्या खास लॉबस्टरच्या भांड्यांपेक्षा कोणत्याही अर्थाने कमी नाही. तळाशी दोन बोटे पाणी घ्यावे, त्यात लिटरला दोन सपाट मोठे चमचे मीठ घालावे, पाणी खळखळू लागल्यावरच शेवंडी चाळणीवर ठेवाव्यात आणि तिथून वेळ मोजावी. झाकण मधेच उघडू नये. शेपटी वाफेत मुडपू नये अशी इच्छा असेल तर पोटाच्या बाजूने, कवच आणि मांस यांच्या मधून एक लांब काडी सरळ आत सरकवावी.

इथले लोक मग ती नुसत्या वितळलेल्या लोण्यात बुडवून खातात. लोणी मंद आचेवर वितळवून वरचा फेस आणि तळाचा साका काढून टाकतात आणि त्याचे फार कौतुक करतात. आपण त्याला लोणकढे तूप म्हणतो आणि ते आपल्या फडताळात आधीच आहे.

अबोली

मोदकपात्राची कल्पना फारच आवडली. दोन शंका आहेत. शेवंडीच्या शेपटीतला काळा दोरा कसा काढावा? आणि डोक्यात जो हिरवट-पिवळा भाग असतो तो खावा की टाकावा?

दर्यावर्दी

उभे दोन भाग केले तर दोरा समोरच दिसतो, तो चिमटीने उचलून टाकावा. शेपटी अखंड ठेवायची असेल तर शेवंडीचीच एक मिशी मोडून घ्यावी, तिचे जाड टोक शेपटीच्या पंख्याखालच्या छिद्रातून हलकेच आत सारावे, एक-दोनदा फिरवावे आणि ओढून घ्यावे. मिशीच्या काट्यांना अडकून आतडे सबंध बाहेर येते. ही युक्ती कच्च्या शेवंडीवरच चालते.

डोक्यातल्या दोन गोष्टी मात्र नक्की टाकाव्यात. डोळ्यांच्या मागची वाळूची पिशवी, म्हणजे तिचे जठर, आणि दोन्ही बाजूंना असणारे पिसांसारखे कल्ले. केशरी-लाल गाबोळी आढळली तर ती वाया घालवू नये. ती कालवणात कालवली की रंग आणि दाटपणा दोन्ही येतात.

नॉर्थशोर

हिरवट भाग म्हणजे तिची पाचक ग्रंथी, यकृत आणि स्वादुपिंड यांचे काम एकत्र करणारी. पुष्कळांना तो अतिशय प्रिय असतो. परंतु पाण्यातली विषारी द्रव्ये याच ग्रंथीत साठतात, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अमेरिकी लॉबस्टरचा हा भाग खाऊ नये असा इशारा दिला होता. शेपटीचे आणि नांग्यांचे मांस मात्र सुरक्षित असल्याचे त्याच वेळी स्पष्ट केले होते. तो इशारा इकडच्या लॉबस्टरपुरता होता, हे खरे. तरी मोठ्या शहराजवळच्या पाण्यातली शेवंड असेल तर मी तो भाग काढून टाकीन, आणि लहान मुले किंवा गर्भवती पंगतीला असतील तर तो वाढण्याचा विचारही करणार नाही.

वाटणघाटण

इथवरची चर्चा वाचून असे वाटू लागले आहे की शेवंड म्हणजे केवळ शेपटी आणि तिच्यासोबत तूप. मला दुसरी बाजू मांडायची आहे. शेवंडीची चव जितकी मांसात असते तितकीच, किंबहुना काकणभर जास्तच, तिच्या डोक्यात, पायांत आणि कवचात असते. शेपटी वाफवून डोके कचऱ्यात टाकणाऱ्या घराने अर्ध्याहून अधिक पैसे फेकून दिले असे मी म्हणेन. आमच्याकडचे कालवण याच गोष्टीवर उभे आहे. मात्र नेहमीच्या रीतीत एक बदल करावा असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: शेपटी आणि डोके एकाच वेळी टोपात घालू नये. डोक्याचा रस निघायला अर्धा तास लागतो आणि शेपटीला पाच-सहा मिनिटे पुरतात. दोन्ही एकत्र शिजवल्यावर एक तरी बिघडणारच, आणि बिघडते ती नेहमी शेपटीच.

कृती अशी. चार शेवंडींची डोकी पिशवी आणि कल्ले काढून स्वच्छ धुवावीत, पाय वेगळे करावेत आणि सगळे खलबत्त्यात किंवा वरवंट्याने अर्धवट ठेचावे. जाड बुडाच्या टोपात चार मोठे चमचे तेल तापवून त्यात हे ठेचलेले तुकडे मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटे परतावेत. कवचातले लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून ही पायरी घाईने उरकली तर कालवणाला मसाल्याचा रंग येतो, शेवंडीचा येत नाही. तेल केशरी दिसू लागले आणि खमंग वास सुटला की एक उभा चिरलेला कांदा आणि सात-आठ ठेचलेल्या लसूणपाकळ्या घालून आणखी परतावे. मग दीड लिटर गरम पाणी आणि थोडी हळद घालून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे उकळू द्यावे. त्याहून जास्त उकळले तर कवचाचा खडूसारखा कडवटपणा उतरतो. हे पाणी बारीक चाळणीतून, दाबून दाबून गाळून घ्यावे. कवचाची कपची घशाखाली जाणे धोक्याचे आहे, तेव्हा फडक्यातून पुन्हा एकदा गाळले तरी चालेल.

वाटणासाठी एका नारळाचे ओले खोबरे, सात-आठ बेडगी मिरच्या, दोन चमचे धणे, पाच-सहा मिरे आणि थोडी चिंच किंवा नंतर घालण्यासाठी कोकम घ्यावे. खोबरे भाजावे की नाही यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मी कच्चेच घेते, कारण भाजलेल्या खोबऱ्याचा आणि गरम मसाल्याचा ठसका मटणाला शोभतो, शेवंडीची गोडी मात्र त्याखाली दडपते. गंधासारखे बारीक वाटून ते गाळलेल्या पाण्यात घालावे, मीठ घालून एक उकळी आणावी, पाच-सहा कोकमे घालावीत आणि गाबोळी असेल तर तीही मोडून मिसळावी.

आता पंगत बसायच्या दहा मिनिटे आधी शेपट्यांचे कवचासकट आडवे तुकडे करून त्या उकळत्या कालवणात सोडावेत, आच मंद करावी, झाकण ठेवावे आणि पाच-सहा मिनिटांत गॅस बंद करावा. मांस पारदर्शक राहिले नाही, पांढरेशुभ्र झाले आणि कवचापासून सुटू लागले, म्हणजे झाले. सोबत उकडा भात किंवा तांदळाची भाकरी. पोळीबरोबर हे कालवण मी वाढणार नाही.

तळटीप

पंगतीत नवे पाहुणे असतील तर एवढे आधी विचारून घ्यावे की कोणाला कोळंबी किंवा खेकड्याची अ‍ॅलर्जी आहे का. ज्यांना ती असते त्यांना शेवंडही सहसा चालत नाही, कारण या सर्वांत मुख्यतः ट्रोपोमायोसिन हेच प्रथिन त्रासदायक असते आणि ते उकडून किंवा भाजून नष्ट होत नाही. कालवणाच्या पाण्यातही ते उतरते, त्यामुळे "तुकडे बाजूला काढून नुसता रस्सा घ्या" हा सल्ला अशा व्यक्तीला कधीही देऊ नये.

शीतपेटी

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची बाजू मांडतो. मी नागपूरचा, आमच्याकडे जिवंत शेवंड हा प्रश्नच उद्भवत नाही आणि गोठवलेल्या शेपटीवरच भिस्त असते. ती चांगली होऊ शकते, परंतु तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाकिटावरचे वजन बर्फाच्या थरासकट आहे की निव्वळ मांसाचे, हे वाचून पाहावे. पाकिटात मोकळ्या बर्फाचे खडे साचलेले दिसले तर माल मधे वितळून पुन्हा गोठला आहे असे समजून परत करावा. आणि शेपटी आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळू द्यावी. ओट्यावर किंवा गरम पाण्यात वितळवली तर बाहेरचा भाग सैल पडतो आणि आतला गोठलेलाच राहतो; अशी शेपटी शिजवताना एकसारखी होणे शक्य नसते.

ओटीजीत करायची असल्यास कात्रीने शेपटीच्या पाठीचे कवच मधोमध कापावे, मांस अलगद सोडवून कवचावर उचलून ठेवावे, वरून तूप, लसूण आणि मिरपूड लावावी आणि वरची दांडी तापवून त्याखाली ठेवावे. सुमारे २०० ग्रॅमच्या शेपटीला सात-आठ मिनिटे लागतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र करू नये. कडा चिवट होतात आणि मध्य कच्चा राहतो. चीज आणि पांढऱ्या सॉसखाली पुरून भाजण्याच्या विलायती प्रकाराबद्दल मी न बोललेलेच बरे. तिथे शेवंडीऐवजी बटाटा घातला तरी पाहुण्यांना फरक कळेल की नाही, शंका आहे.

कोकणकडा

तव्यावरची अजून कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. आजीची वीस मिनिटे बाजूला ठेवू, पण तिच्या तव्याबद्दल वाद नको.

उभ्या दोन भाग केलेल्या शेवंडीच्या मांसाला आले-लसूण-कोथिंबीर-हिरवी मिरची यांचे वाटण, हळद, मीठ, मालवणी मसाला आणि एक चमचा कोकमाचे आगळ लावावे. हे सर्व दहा-पंधरा मिनिटांहून अधिक लावून ठेवू नये, कारण आंबटाने मांस आधीच आवळू लागते. बिडाचा तवा चांगला तापवून तेल सोडावे आणि मांसाची बाजू खाली करून तीन मिनिटे अजिबात न हलवता ठेवावी. मग उलटून कवचाची बाजू खाली करावी, वरून चमचाभर तूप आणि ठेचलेली लसूण सोडावी, झाकण ठेवावे आणि चार-पाच मिनिटांत उतरवावे. कवच आचेच्या आणि मांसाच्या मधे येते, म्हणून दुसरी बाजू सौम्यपणे शिजते. रव्यात घोळवायचे असेल तर शेपटी सोलून तिच्या जाड चकत्या कराव्यात. सबंध अर्ध्या शेवंडीला रवा नीट चिकटत नाही. गोव्याकडे याच पद्धतीने रेशाद मसाला लावतात, तोही उत्तम लागतो. मात्र त्यात व्हिनेगर असते, तेव्हा हात आखडूनच लावावा.

नॉर्थशोर

कोकणकडा, ही कृती मी इकडच्या लॉबस्टरवर करून पाहणार आहे. फक्त नांग्या आधी पाच-सहा मिनिटे वाफवून मग तव्यावर ठेवाव्या लागतील. इकडे राहणाऱ्या वाचकांसाठी एक पुरवणी: उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नुकतीच कात टाकलेले मऊ कवचाचे लॉबस्टर स्वस्त मिळतात. त्यांत मांस कमी आणि पाणी जास्त असते, पण चव गोड असते. वाफवण्याची वेळ त्यांना तीनेक मिनिटांनी कमी करावी, आणि तव्याऐवजी कालवणासाठी तेच घ्यावेत.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. बेत असा ठरवत आहे: चार जिवंत शेवंडी घ्यायच्या, कोळणीकडूनच कापून बर्फात आणायच्या, डोक्यांचे वाटणघाटण यांच्या रीतीने कालवण करायचे, दोन शेपट्या त्यात शेवटी सोडायच्या आणि दोन तव्यावर करायच्या. यातले काय आदल्या दिवशी करून ठेवता येईल? आणि उरलेच, तर पुन्हा गरम कसे करावे?

वाटणघाटण

अबोली, डोक्यांचे गाळलेले पाणी आदल्या दिवशी करून थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवता येते. मात्र त्यासाठी शेवंडी आदल्या दिवशी आणाव्या लागतील, आणि मग शेपट्या कच्च्याच, कवचासकट, झाकणाच्या डब्यात भरून भरपूर बर्फावर ठेवाव्यात. बर्फ वितळून त्याचे पाणी मांसाला लागणार नाही असे पाहावे. एक रात्र त्या चांगल्या राहतात, त्याहून अधिक ठेवू नयेत. खोबऱ्याचे वाटण मात्र त्याच दिवशी सकाळी करावे. तव्यावरच्या दोन शेपट्या उभ्या चिरल्या की चार तुकडे होतील आणि कालवणातल्या दोन शेपट्यांचे मिळून दहा-बारा, तेव्हा तव्यावरच्या प्रत्येक तुकड्याचे पुन्हा आडवे तीन भाग करून वाढावेत, म्हणजे कोणाच्या ताटात कमी-जास्त होणार नाही.

उरले तर कालवणातले तुकडे बाहेर काढून, मांस सोलून वेगळ्या डब्यात ठेवावे. दुसऱ्या दिवशी नुसता रस्सा उकळावा, गॅस बंद करावा आणि मग मांस त्यात घालून दोन मिनिटे झाकून ठेवावे. तव्यावरचा तुकडा उरला तर तो गरमच करू नये. बारीक चिरून कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून थंडच खावा.